अद्भुताला पहिली पसंती

आमच्या घरात दर श्रावणात एक अद्भुत कादंबरी मोठ्याने वाचली जाते. तिला कादंबरी म्हटलेलं सासूबाईंना चालणार नाही, म्हणून घरात मी तो शब्द काढत नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण अंकातलं राशिभविष्य आणि पाककृती संपल्या की सासूबाई चष्मा काढून ठेवतात. ग्रंथ आहे 'नवनाथ भक्तिसार', चाळीस अध्यायांचा. मालू कवीने तो शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा केला. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालं होतं. अशा दिवसांत हा गृहस्थ माशाच्या पोटी जन्मलेल्या मच्छिंद्राची आणि उकिरड्यातून बाहेर आलेल्या गोरक्षाची कथा ओवीबद्ध करत बसला होता.

त्यातला गहिनीनाथाचा जन्म मला सगळ्यांत आवडतो. गोरक्षनाथ गुरूने दिलेला संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो. गावातली पोरं चिखलाची गाडी करून खेळत असतात, त्यांना गाडीवान हवा असतो. 'आम्हाला एक बाहुला करून द्या' म्हणून ती त्याच्या मागे लागतात. तो मंत्र पुटपुटत पुटपुटत चिखलाचा बाहुला करतो आणि बाहुला जिवंत होतो. घोकंपट्टीचा एवढा मोठा परिणाम दुसऱ्या कुठल्याही वाङ्मयात माझ्या पाहण्यात नाही. पुढे स्त्रीराज्य येतं, मृदंग वाजवून गुरूला शुद्धीवर आणणारा शिष्य येतो, शत्रूचा श्वास रोखून धरणारं वाताकर्षण अस्त्र येतं. जादूला नियम असावेत, फुकट जादू करू नये, असं आजचे इंग्रजी अद्भुतकार मोठ्या गांभीर्याने सांगतात. मालू कवीने ते कुणी न सांगता पाळलं होतं. मंत्र आधी सिद्ध करावा लागतो, भस्म जपून ठेवावं लागतं, आणि ते उकिरड्यावर फेकलं तर पुढची बारा वर्षं उकिरड्यालाच सांभाळावी लागतात.

शिवाय मालू कवीने ग्रंथ संपवला. हे आवर्जून सांगायचं कारण असं की जॉर्ज मार्टिन यांच्या सिंहासनांच्या मालिकेतला पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता माझी मुलगी शाळेतून बाहेर पडून नोकरीला लागली. मालू कवी तर चाळिसाव्या अध्यायात कुठला अध्याय वाचल्याने काय फळ मिळेल याची यादीसुद्धा देऊन ठेवतो. इतकी पुरस्कारप्राप्त पुस्तकं मी वाचली, पण अमुक प्रकरण वाचल्याने घरातली भांडणं मिटतील असं लेखी आश्वासन एकाही प्रकाशकाने दिलेलं नाही.

तर अशा घरात मी अद्भुत कादंबऱ्या वाचते आणि लोकांना त्याचं नवल वाटतं.

वाचायची जागा म्हणजे हार्बरची गाडी. पनवेल हे लाइनीचं टोक, गाडी इथूनच सुटते, त्यामुळे जरा लवकर पोचलं की बसायला मिळतं आणि सीएसएमटीपर्यंतचा सव्वा तासाहून अधिक वेळ आपला असतो. ज्या लाइनीवर पनवेलनंतर खांदेश्वर आणि खांदेश्वरनंतर थेट मानसरोवर लागतं, तिथे अद्भुत वाचायला वेगळी मनोभूमी करावी लागत नाही. मात्र पुस्तकाच्या वेष्टनावर ड्रॅगन असला की शेजारीण हमखास विचारते, "मुलीचं पुस्तक आणलंत वाटतं?" पूर्वी मी हो म्हणायचे. आता नाही म्हणते. मग ती माझ्याकडे जरा निरखून बघते आणि मोबाइलमधल्या मालिकेकडे वळते. त्या मालिकेत मेलेला नवरा नव्या चेहऱ्याने परत आलेला असतो.

अद्भुताकडे जाणारी आमची ही वाट काही एका दिवसात तयार झालेली नाही. माझ्या पिढीचं बोट आधी 'चांदोबा'ने धरलं. राजाच्या खांद्यावर बसलेला वेताळ दर महिन्याला एक कोडं घालायचा आणि उत्तर बरोबर आलं की उडून जायचा. बरोबर उत्तराची शिक्षा म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून, ही गंमत पुढे नोकरीत फार उपयोगी पडली. मग भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या बोटीत आणि तोफगोळ्यात बसवलं. मग नारायण धारप आले. धारप घरी उघड वाचायचे नसत. वाचनालयातून ते दुसऱ्या एखाद्या सोज्वळ पुस्तकाखाली दडवून आणायचे, आणि रात्री वाचून झाले की उठून पाणी प्यायला जायचं नाही. त्यांचे समर्थ मात्र मला कायम आधाराचे वाटले. घरात काही अभद्र शिरलं आहे म्हणून निरोप धाडला की हा माणूस येतो, चहा घेतो, चार प्रश्न विचारतो आणि कामाला लागतो. इंग्रजी कादंबऱ्यांतल्या जादूगारांना लांब दाढी आणि मोठी काठी लागते. समर्थांचं काम शांत बसण्यावर भागतं. पुढे हॅरी पॉटर मुलीच्या दप्तरातून आला, टोल्किन त्याच्या मागोमाग आला, आणि मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' मराठीत आणला तेव्हा मी तो इंग्रजी वाचून झालेला असतानाही घेतला. चांगलं भूत दोन भाषांत भेटलं तर बिघडत नाही.

अद्भुत कादंबरी उघडली की पहिल्या पानावर नकाशा असतो. डोंगर, नदी, पडका बुरूज, 'इकडे जाऊ नये' अशी एक जागा. असा नकाशा पनवेल तालुक्याचा सहज काढता येईल. अंगठा उभा धरावा तसा कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगडाच्या कुशीत कलावंतिणीचा दुर्ग आणि त्याला कड्यातच खोदलेल्या पायऱ्या, खाली गाढी नदी, गावात तळी. टोल्किनला हे दाखवलं असतं तर त्याने तिथे निदान तीन लढाया आणि एक दीर्घ कविता बसवली असती. आम्ही रविवारी जातो, वर सेल्फी काढतो आणि उतरून वडापाव खातो.

आणि गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्यात जे घडलं ते एखाद्या कादंबरीत असतं तर संपादकाने 'अतिशयोक्ती' म्हणून कापलं असतं. उडत्या वाहनांना उतरायला जागा हवी म्हणून उलव्याचा डोंगर सुरुंग लावून कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, पाणथळ जमीन भरून उंच केली आणि दहा गावं उठून दुसरीकडे गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, नाताळाच्या दिवशी पहिली विमानं उडाली. राजाने डोंगर हलवला, असं वाचलं की मला तो राजा खोटा वाटत नाही. हल्ली मी अशा कादंबरीत फक्त हलवलेल्या दहा गावांचं काय झालं ते शोधते. चांगला लेखक ते सांगतो. सुमार लेखक राज्याभिषेकाकडे धावतो.

आता बक्षिसांकडे येते. पनवेलकरांना परीक्षक व्हायची हौस मूळचीच आहे. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात अटल करंडकाच्या एकांकिका रंगतात, तेव्हा मंचावरचे परीक्षक कागदावर गुण मांडत असतात आणि मागच्या रांगांत आमचा निकाल त्याआधीच लागलेला असतो. जाहीर झालेला निकाल आमच्या निकालाशी जुळला तर परीक्षक जाणते, नाहीतर विकले गेलेले. हे सगळं नाटकापुरतं ठीक आहे. पण अद्भुत कादंबरीला कुणी, कधी, काय बक्षीस दिलं, हा विषय काढला की जाणकारही घड्याळाकडे बघतात.

गाडीत आमच्या डब्यात मराठीच्या एक प्राध्यापिकाबाई असतात. निवृत्तीला आल्या आहेत, विद्वान आहेत, आणि चौथी सीट देताना कधी कुरकुरत नाहीत. त्यांना मी एकदा म्हटलं, "मॅडम, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ अद्भुत कादंबरीला मिळालंय."

"कुठल्या?"

"ययाति."

बाईंनी पर्स मिटली. "खांडेकरांच्या 'ययाति'ला तू या तुझ्या ड्रॅगनच्या ओळीत बसवतेस?"

"ड्रॅगनच्या नाही हो. पण शाप लागतो, तरणा राजा एका क्षणात म्हातारा होतो, मग मुलाचं तारुण्य घेऊन पुन्हा तरणा होतो. हे आपल्या शेजारीपाजारी होतं का?"

"ते प्रतीक आहे."

"मग ड्रॅगनही प्रतीकच."

"त्याला शेपूट आहे," असं म्हणून बाईंनी विषय संपवला. जुईनगर आलं होतं.

पण माझा मुद्दा सुटलेला नाही. 'ययाति' १९५९ची. १९६०ला तिला साहित्य अकादमी मिळालं, नंतर १९७४चं ज्ञानपीठ. टोल्किनचे तीन खंड १९५४-५५चे. दोन्हीकडे सत्तेची आणि भोगाची हाव, दोन्हीकडे हातातून सोडवत नाही अशी एक वस्तू. टोल्किनकडे ती वस्तू अंगठी, खांडेकरांकडे तारुण्य. आमच्याकडे ती गोष्ट महाभारतातून आली म्हणून तिला दारात कुणी अडवलं नाही. तीच गोष्ट कुणा पनवेलकराने स्वतःच्या डोक्यातून काढली असती, राजाचं नाव ययातिऐवजी दुसरं काही ठेवलं असतं, तर ती सरळ बालविभागात गेली असती. अद्भुताला आमच्याकडे मज्जाव अजिबात नाही. त्याने वशिल्याचं पत्र तेवढं आणावं लागतं, व्यासांचं असलं तर उत्तम.

आणि बालविभागात म्हणते ते उगाच नाही. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांची यादी मी दरवर्षी बारकाईने वाचते. प्रौढ वाङ्मयात कादंबरीला हरी नारायण आपटे, लघुकथेला दिवाकर कृष्ण, विनोदाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ललितगद्याला अनंत काणेकर, अशी एकेका थोरामोठ्याच्या नावाने बक्षिसं आहेत, लाखालाखाची. परीकथा हा शब्द शोधत मी खाली खाली येते तेव्हा तो सापडतो बालवाङ्मयात, छोट्या गोष्टी आणि लोककथा यांच्या शेजारी, राजा मंगळवेढेकरांच्या नावाच्या पुरस्कारात, पन्नास हजारांच्या घरात. म्हणजे शासनाच्या लेखी परी दिसण्याची वयोमर्यादा आहे. वय वाढलं की परी निम्मी होत नाही, पार जाते.

मंगळवेढेकरांबद्दल माझी तक्रार नाही, मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी तर मराठी अद्भुत जिवंत ठेवलं. विंदा करंदीकरांनी १९६३ साली 'एटू लोकांचा देश' वसवला, त्या देशाचं नागरिकत्व मी अजून सोडलेलं नाही. विंदांना २००३चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा भाषणं झाली ती त्यांच्या मोठ्यांच्या कवितेवर. एटू लोक मागे कुठेतरी उभे राहून टाळ्या वाजवत असणार.

विज्ञानकथेने मात्र कोपराने का होईना जागा करून घेतली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिला मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. या गोष्टीतला नारळीकरांचा सभ्यपणा सगळे सांगतात. मला त्यात आपल्या परीक्षकांची त्यांनी न बोलता केलेली परीक्षाही दिसते. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्यसंमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. मग सेहेचाळीस वर्षांनी, २०२१ साली, नाशिकच्या संमेलनाला पहिल्यांदा विज्ञानकथा लिहिणारा अध्यक्ष लाभला आणि ते नारळीकरच होते. मधल्या काळात, २०१४ साली, त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला होता. कशाला? 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. पुस्तक सुरेखच आहे. पण ज्याने मराठी माणसाला यक्ष, वामन आणि भस्मासुर अवकाशात भेटवले, त्याला अकादमी शेवटी खऱ्या घडलेल्या गोष्टींसाठीच मिळावी, हे आपल्या रुचीला साजेसंच झालं.

धारपांचं तर विचारूच नका. २०२५ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. त्यांच्या एका गोष्टीच्या आठवणीतून राही अनिल बर्वे यांना 'तुंबाड' सुचला. २०१८ साली हा हिंदी चित्रपट व्हेनिसला दाखवला गेला, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांची फिल्मफेअर बक्षिसं त्याने नेली, आणि २०२४ साली तो पुन्हा थिएटरांत लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. पावसात भिजलेलं कोकण, वाडा, आजी आणि हाव, यांतलं काहीच आपल्याला परकं नव्हतं. ते हिंदीतून परत आलं तेव्हा आपण तिकीट काढून बघितलं.

इथे कुणी म्हणेल की हा सगळा मराठीचा कोतेपणा. तसं नाही. स्वीडनमध्येही हेच झालं. १९६१च्या नोबेलसाठी सी. एस. लुईस यांनी आपल्या मित्राचं, टोल्किनचं नाव सुचवलं होतं. समितीतल्या अँडर्स ऑस्टरलिंग यांनी शेरा मारला की कथनाचा दर्जा काही उच्च प्रतीचा नाही. पन्नास वर्षांनी कागद खुले झाले तेव्हा जगाला हे कळलं. त्या वर्षी नोबेल युगोस्लाव्हियाच्या इव्हो अँड्रिच यांना मिळालं, ते थोरच लेखक. पण ऑस्टरलिंगसाहेबांचं नाव आज ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना ते या शेऱ्यामुळेच ठाऊक असावं. आणि गंमत अशी की अद्भुतवाल्यांच्या स्वतःच्या घरातही टोल्किन हरला. १९६६ साली ह्यूगो पुरस्कारांत सर्वकाळची उत्कृष्ट मालिका निवडायची ठरली. आयझॅक आसिमोव्ह यांचीच समजूत होती की हे खास बक्षीस टोल्किनला देण्यासाठी काढलंय. निकाल लागला तेव्हा ते मिळालं आसिमोव्हच्या 'फाउंडेशन'ला. मतपेटी उघडल्याशिवाय काही खरं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ह्यूगोचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकते: मी तिथली मतदार आहे. या पुरस्काराला निवड समिती नसते. १९५३ पासून तो वर्ल्डकॉन नावाच्या वार्षिक मेळाव्याचे सभासद मतं देऊन ठरवतात, आणि मत द्यायला मेळाव्याला जावं लागत नाही. २०२५चा मेळावा सिअॅटलला होता. मतापुरतं सभासदत्व ५० डॉलर. रुपयांत हा आकडा चार हजारांच्या वर गेला तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली. "अगं, इथे पालिकेला मत फुकट देतात तेव्हा तुला कंटाळा येतो." मी म्हटलं, "पालिकेला मत देण्याआधी उमेदवार वाचायला मिळत नाहीत." खरंच मिळत नाहीत. इथे सभासदांना अंतिम फेरीतल्या बऱ्याचशा साहित्याची ई-प्रत पाठवतात, म्हणजे वाचा आणि मग बोला. ह्यांनी हिशेब केला, पुस्तकांच्या किमतीत पैसे वसूल होतात असं त्यांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ते पाहुण्यांना 'आमची मंडळी अमेरिकेत मतदान करते' असं सांगतात.

मत द्यायची रीत मला शिकावी लागली नाही, कारण मी कोकण पदवीधर मतदारसंघाची मतदार आहे. तिथे केंद्रावर जांभळ्या शाईचं पेन देतात आणि नावांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. ह्यूगोचंही हेच. फरक इतकाच की तिथे उमेदवारांच्या यादीत 'कोणालाही पुरस्कार नको' हाही एक उमेदवार असतो आणि तो खरोखर निवडून येऊ शकतो. आपल्याकडे २०१३ पासून नोटा आहे, पण विधानसभेला नि लोकसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांतला पहिला निवडून येतो. २०१५ साली ह्यूगोत एका गटाने ठरवून, आपली यादी फिरवून, नामांकनं भरून टाकली. मतदारांनी शांतपणे पाच विभागांत 'कोणालाही नको'ला निवडून दिलं. त्याच वर्षी कादंबरीचा पुरस्कार चीनच्या लिऊ त्स-शिन यांना गेला, इंग्रजीत अनुवाद होऊन आलेली आणि ह्यूगो जिंकलेली ती पहिली कादंबरी. पुढची तिन्ही वर्षं एन. के. जेमिसिन यांनी एकाच त्रिधारेच्या तीन खंडांसाठी ओळीने जिंकली. तिथे सगळं सोन्याचं आहे असंही नाही. २०२३ साली चीनमधल्या चेंगडूच्या मेळाव्यात आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' कारण न देता अपात्र ठरवली गेली आणि त्यावरून महिनोन्महिने भांडण पेटलं. वाचणाऱ्यांचं भांडण वाचण्यासारखं असतं. मी ते सीवूड्स ते कॉटन ग्रीन असं पुरवून पुरवून वाचलं.

२०२५ साठी मी पहिली पसंती दिली रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या 'द टेंटेड कप'ला. एका साम्राज्यात दर पावसाळ्यात समुद्रातून पर्वताएवढे प्राणी किनाऱ्याकडे येतात आणि त्यांना थोपवण्यासाठी सागरी भिंत बांधलेली असते. एका बड्या सरकारी माणसाच्या शरीरातून झाड उगवतं आणि तो मरतो. तपासाला येणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून बसते, घराबाहेर पडायचं टाळते, आणि तिचा साहाय्यक पाहिलेलं काहीच विसरत नाही. मी हे पुस्तक जूनच्या पावसात वाचलं. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली होती, बाहेर पाणी चढत होतं आणि पुस्तकातले अभियंते भिंतीच्या डागडुजीला लागले होते. समोरच्या बाईला मी म्हटलं, "बघा, यांच्याकडेही पावसाळ्याआधीची कामं." तिने विचारलं, "कुठल्या वॉर्डात?" ऑगस्टात निकाल लागला आणि 'द टेंटेड कप'च जिंकलं. पहिली पसंती जिंकल्याचा आनंद मला पदवीधर मतदारसंघात अजून मिळालेला नाही.

माझी रुची काही सर्वमान्य नाही. हजार पानांचे खंड मला पटत नाहीत. गाडीत उभं राहून एका हाताने धरता येत नाही ते पुस्तक प्रवाशाचा विचार करून लिहिलेलं नाही, असं माझं मत आहे. प्रत्येक कादंबरीची त्रिधारा झालीच पाहिजे असा जो रिवाज पडला आहे तो मोडावा, असंही वाटतं. राजपुत्र हरवला आहे आणि तो गोठ्यात वाढतो आहे, हे कथानक काही वर्षं विश्रांतीला पाठवावं. पण चांगलं अद्भुत वाचताना मनाला जो एक मोकळेपणा येतो, तो मला वास्तववादी कादंबरीत सहसा सापडत नाही. तिथे नायिका रडते तेव्हा तिच्या घरभाड्याचाही हिशेब मनात चालू राहतो. इथे डोंगर हलतो, आणि का हलला हे समजून घेण्यासाठी आपणही जागचे जरा हलतो.

प्राध्यापिकाबाईंनी अलीकडे माझ्याकडून 'द टेंटेड कप' वाचायला नेलं. परत देताना म्हणाल्या, "ही रहस्यकथा आहे. अद्भुत वगैरे नाही." म्हणजे त्यांना ते आवडलं. बुकरवाल्यांनी २०२२ साली शेहान करुणतिलक यांच्या मेलेल्या छायाचित्रकाराला, चक्क भुताला, बक्षीस दिलं तेव्हाही आमच्या डब्यात कुणी त्याला भूतकथा म्हटलं नव्हतं. आवडलं की नाव बदलायचं, हा शिरस्ता जगभर आहे. याला एकच उपाय मला दिसतो, तो म्हणजे नाव यादीतच छापून टाकणं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राज्य पुरस्कारांच्या प्रौढ वाङ्मयाच्या यादीत, हरी नारायण आपट्यांच्या खाली, एक ओळ वाढवावी: अद्भुत कादंबरी, नाथमाधव पुरस्कार. नाव मी विचार करून सुचवते आहे. द्वारकानाथ माधव पितळे शिकारीला गेले असताना सिंहगडावर कड्यावरून कोसळले, कमरेखालचं शरीर निकामी झालं आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने 'वीरधवल' लिहिली. शंभर वर्षांपूर्वी मराठी घरांतून मोठी माणसंच ती वाचत होती आणि त्यांना कुणी मुलांचं पुस्तक आणलंत का म्हणून विचारत नव्हतं. रक्कम लाखाचीच असावी, निम्मी नको. परीक्षक नेमायचे तर नेमा, पण वाचनालयांच्या सभासदांना पसंतीक्रमाचं एक मत द्या, आणि यादीच्या शेवटी 'कोणालाही नको'ची जागा ठेवा, म्हणजे त्रिधारावाल्यांना धाक राहील.

सह्यांची वही मी तयार केली आहे. सकाळच्या पनवेल गाडीत, बायकांच्या मधल्या डब्यात, खिडकीशी सापडेन. पहिली सही सासूबाईंची आहे, त्यांना मी 'नवनाथांसाठी' असं सांगितलं, आणि ते खोटं नाही. पेन जांभळ्या शाईचं ठेवलं आहे, तेवढं परत करा.